अटी कोणी लिहिल्या? : प्रस्तावना

यादवी युद्ध जिंकणाऱ्याच्या वाट्याला लढाई संपल्यावर एक काम येते, आणि ते लढाईपेक्षा कितीतरी जास्त वर्षे चालते. जो प्रांत फुटून निघाला होता त्याला पुन्हा देशात घ्यायचे कसे? त्याच्या पुढाऱ्यांवर खटले भरायचे की त्यांना निवडणुका लढवू द्यायच्या? तिथली जमीन, नाणे, पोलीस, न्यायालये कोणाच्या हुकमाने चालवायची, आणि किती दिवस? ज्यांनी त्या राजवटीत सोसले त्यांच्या पदरात काय पडणार? आणि या सगळ्याच्या आधीचा प्रश्न असा की, परत येण्याच्या अटी लिहिणार कोण?

या प्रश्नावर जगात सर्वाधिक लिहिले गेले ते अमेरिकेबद्दल. तिथली अकरा दक्षिणी राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी संघातून फुटली, १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे लढली, हरली, आणि मग एकेक करून पुन्हा संघात घेतली गेली. पुढच्या पानांत मात्र या प्रश्नाकडे अमरावती-अकोल्याकडून पाहिले आहे. वऱ्हाडाचा याच्याशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. संबंध दोन आहेत. पहिला कापसाचा. दुसरा अधिक खोल आहे: गेली दोनशे वर्षे वऱ्हाड या राज्यातून त्या राज्यात, या प्रांतातून त्या प्रांतात कागदावर दिले-घेतले गेले आहे, आणि ज्या हैदराबाद संस्थानाला १९४८ मध्ये लष्कर पाठवून भारतात आणावे लागले, त्याच्या राजाच्या किताबात वऱ्हाडाचे नाव होते.

कापसापासून सुरुवात करतो. १८६१ पूर्वी लँकशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा वाटा अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांनी वेचलेला, येत असे. युद्ध सुरू झाले, संघराज्याच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि तो कापूस थांबला. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कधी पाहिले नव्हते इतके चढले, आणि त्या भावाची ओढ अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा इथपर्यंत पोचली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाची एक जातच अमरावतीच्या नावावरून ओळखली जाऊ लागली. ज्वारीच्या रानात कपाशी आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ वऱ्हाडाच्या काळ्या मातीतून पुढे सरकत होते. १८६७ मध्ये ते नागपूरला पोचले. बंडीने महिनोन्महिने जाणारा माल आता गठाण बांधून मुंबईच्या गोदीत जाऊ लागला.

एप्रिल १८६५ मध्ये बंडखोरांचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरचा फुगा फुटला, पेढ्या बुडाल्या, त्याचे वर्णन अनेकांनी केले आहे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे काय झाले याचे वर्णन त्या मानाने फार थोडे सापडते. चढ्या भावाच्या भरवशावर त्याने सावकाराकडून पैसा उचलला होता. भाव उतरला, व्याज उतरले नाही. ज्वारीऐवजी कपाशीवर विसंबण्याची जी सवय त्या चार वर्षांत लागली तिची किंमत त्याच्या नातवंडांनी १८९९-१९०० च्या दुष्काळात मोजली, असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही. १८७० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला आले. त्याच वर्षी जॉर्जिया हे शेवटचे बंडखोर राज्य अमेरिकेच्या संघात परतले. दूर कुठे तरी एक देश फुटतो आणि सांधला जातो, तेव्हा त्या देशाचे नावही न ऐकलेल्या माणसाच्या घरातली भाकरी हलते. वऱ्हाडाने हे स्वतः भोगले आहे.

आता अमेरिकेच्या अटींकडे वळू. अब्राहम लिंकन यांची हत्या झाल्यावर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी सोपी वाट धरली: निष्ठेची शपथ घ्या, गुलामगिरी संपल्याचे मान्य करा आणि परत या. माफीपत्रे हजारोंनी वाटली गेली. परिणाम असा झाला की, काही महिन्यांत तीच जुनी माणसे तिथल्या विधिमंडळांत बसली आणि मुक्त झालेल्या गुलामांना मजुरीला जखडून ठेवणारे कायदे करू लागली. बंडखोर सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याला जॉर्जियाने चक्क सिनेटवर निवडून पाठवले. वॉशिंग्टनच्या काँग्रेसने दक्षिणेच्या प्रतिनिधींना जागा देण्याचे नाकारले आणि १८६७ मध्ये स्वतःच्या अटी लिहिल्या. टेनेसी सोडून उरलेल्या दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग केले. प्रत्येक राज्याने नवी राज्यघटना बनवावी. ती बनवणारी सभा निवडताना काळ्या पुरुषांनाही मत असावे. सर्वांना समान नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती मान्य करावी. मगच दार उघडेल. जॉर्जिया १८६८ मध्ये आत आले, लगेच आपल्या विधिमंडळातून काळ्या सदस्यांना हाकलले, पुन्हा लष्कराखाली गेले आणि १८७० मध्ये दुसऱ्यांदा आत घेतले गेले. बंडाचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस दोन वर्षे किल्ल्यात कैदेत होता, पण त्याच्यावर देशद्रोहाचा खटला शेवटपर्यंत चालला नाही.

या अटींची बातमी पुण्यापर्यंत आली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीचा विचार करणाऱ्या माणसाला त्या दूरच्या युद्धात आपली आशा दिसली, यात नवल नाही. पण अवघ्या चार वर्षांत, १८७७ मध्ये, उत्तर आणि दक्षिणेच्या गोऱ्या पुढाऱ्यांनी आपसात समेट केला, दक्षिणेतले लष्कर बराकीत गेले, आणि लिहिलेल्या अटी पाळून घेणारा कोणी उरला नाही. काळ्या नागरिकांना मताचा हक्क प्रत्यक्षात मिळायला १९६५ चा कायदा यावा लागला. या ग्रंथातला प्रत्येक लेख वाचताना ही नव्वद वर्षे वाचकाने मनाशी बाळगावीत असे मला वाटते. राज्ये पाच वर्षांत परत आली, पण ज्यांच्यासाठी युद्ध झाले ती माणसे तीन पिढ्या दाराबाहेर राहिली.

आपल्याकडे हैदराबाद हे याच्या सर्वांत जवळचे उदाहरण. तंतोतंत सारखे नव्हे. हैदराबाद भारतात होते आणि मग फुटले, असे घडले नाही. इंग्रजांची अधिसत्ता संपताना संस्थानिकांना एका देशात सामील होण्यास सांगितले गेले आणि निजाम मीर उस्मान अली खान यांनी स्वतंत्र राहण्याचा हट्ट धरला. पण चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या, दीड कोटींहून अधिक लोकवस्तीच्या त्या राज्यात पुढचे तेरा महिने जे चालले ते यादवीच होते. एका बाजूला निजामाचे सशस्त्र पाठीराखे असलेले कासीम रझवीचे रझाकार, दुसऱ्या बाजूला स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस आणि तिचे सरहद्दीवरचे कॅम्प, तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा. गावे जळत होती. माणसे रातोरात सरहद्द ओलांडत होती.

आणि ती सरहद्द बऱ्याच ठिकाणी वऱ्हाडाची होती. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे निजामाचा नांदेड. बुलढाणा आणि अकोल्याच्या दक्षिणेला परभणी आणि औरंगाबाद. नदी उतरून पलीकडे गेले की इंग्रजी कलदार रुपयाऐवजी निजामाचा हाली सिक्का, करोडगिरीचे (जकातीचे) नाके, उर्दूतले दप्तर. पण सोयरिकी दोन्ही काठांवर, बाजार दोन्ही काठांचे, पंढरीची वाट एक. उमरखेडला कॅम्प होता. नांदेडकडचे तरुण तिथून पलीकडे जात आणि परत येत. वऱ्हाडातल्या अनेक घरांनी त्या वर्षी मराठवाड्यातून आलेली कुटुंबे ठेवून घेतली. त्या घरांच्या आठवणी कुठल्याही सरकारी अहवालात नाहीत आणि आठवणाऱ्यांची पिढी आता संपत आली आहे. मला या विषयाची सर्वांत जास्त तळमळ वाटते ती इथे.

वऱ्हाड पैनगंगेच्या अलीकडे कसे आले, हे कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल चाले. रयतेला दोन धनी होते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याच्या उत्तरेला अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीने भोसल्यांचा पराभव केला, पंधरा-सोळा दिवसांत मेळघाटातला गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि इंग्रजांच्या दोस्ताला, म्हणजे निजामाला मिळाला. लढाई वऱ्हाडात झाली, तह तीन दरबारांच्या हिशेबाने झाला.

पन्नास वर्षांनी दुसरा कागद. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज निजामाच्या खर्चाने इंग्रज पोसत होते; तिची थकबाकी वाढली. २१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या दडपणाखाली निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. मालकी निजामाची, वसुली इंग्रजांची. १८५७ मध्ये हैदराबाद इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले म्हणून १८६० मध्ये बक्षीस मिळाले: धाराशिव आणि रायचूर परत, ५० लाखांचे कर्ज माफ. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतले. कापसाची तेजी सुरू व्हायला तेव्हा काही महिनेच उरले होते. दिवाण सालारजंग यांनी पुढची सगळी कारकीर्द वऱ्हाड परत मिळवण्याच्या खटाटोपात घालवली, त्यासाठी १८७६ मध्ये विलायतही गाठली, पण उपयोग झाला नाही. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झनने सहाव्या निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने लिहून घेतले. मोबदला वर्षाला २५ लाख रुपये. पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले आणि अमरावती-अकोल्याची राजधानी नागपूर झाली.

सातव्या निजामाने १९२३ मध्ये पुन्हा मागणी केली. त्यावर २७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी दिलेले उत्तर हिंदुस्थानातल्या सगळ्याच संस्थानिकांच्या काळजात धडकी भरवणारे ठरले: ब्रिटिश सत्तेशी बरोबरीच्या नात्याने वाद घालण्याचा हक्क कोणत्याही संस्थानिकाला नाही. अधिसत्तेचा सिद्धान्त इतक्या उघडपणे प्रथम मांडला गेला तो वऱ्हाडाच्या निमित्ताने. १९३६ च्या करारात निजामाची समजूत काढली गेली: नाव राहील, मान राहील, युवराज आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळेल, निजामाचे निशाण इंग्रजांच्या निशाणासोबत लागेल. कारभार नागपूरहून चालेल.

या सगळ्या कागदांत एक गोष्ट समान आहे. अडगावपासून १९३६ पर्यंत, एकशे तेहेतीस वर्षांत, एकाही वेळी वऱ्हाडातल्या कोणाला विचारले गेले नाही. गावोगावी देशमुख, पाटील होते, अमरावतीत दादासाहेब खापर्ड्यांसारखे देशभर नाव असलेले वकील होते, १८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरून गेली होती. वऱ्हाड मुके नव्हते. पण दोन सरकारे आपसातला हिशेब मिटवताना मधल्या मुलखाला विचारत नाहीत.

जुलै १९४७ मध्ये निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीला गेले. त्याच्या मागण्यांत वऱ्हाड परत देण्याची मागणी होती. इंग्रज जाणार, त्यांच्याशी झालेले करार संपणार, मग पट्टाही संपला, असा त्यामागचा कायदेशीर तर्क. आणि कोरड्या कायद्याच्या दृष्टीने तो अगदीच पोकळ नव्हता. म्हणून त्यानंतर जेमतेम महिन्याभरात, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, अकोल्यात जे घडले त्याला मी इतके महत्त्व देतो. शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख, रामराव देशमुख आणि इतर पुढारी एकत्र बसले आणि त्यांनी एक करार लिहिला. सगळ्या मराठी भाषकांचा एक प्रांत व्हावा. त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ, म्हणजे वऱ्हाड आणि नागपूरकडचे मराठी जिल्हे, असे दोन उपप्रांत असावेत. महाविदर्भाला स्वतःचे विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ असावे. आणि असा संयुक्त प्रांत होणार नसेल तर महाविदर्भाचा वेगळा प्रांत व्हावा. हाच अकोला करार. त्याला कायद्याचे बळ नव्हते. सही करणाऱ्यांना कोणी निवडून तिथे पाठवले नव्हते, शेतमजुरांचा किंवा दलितांचा आवाज त्या कागदात फार थोडा आहे, ही टीका रास्त आहे. तरीही आम्ही कुठे जोडले जायचे आणि कोणत्या अटींवर, हे वऱ्हाडाच्या भूमीवर, वऱ्हाडातल्या माणसांच्या हातांनी लिहिले गेले ते प्रथमच.

हैदराबादच्या बाबतीत मात्र वाटाघाटींनी काही साधले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला, वऱ्हाडाची स्थितीही आहे तशी राहिली. रझाकारांचा हैदोस वाढत गेला. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय लष्कर सोलापूरकडून शिरले, पूर्वेला बेझवाड्याकडून शिरले, वऱ्हाडाच्या बाजूनेही तुकड्या पुढे गेल्या. १७ तारखेला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी निजामाच्या फौजेचे प्रमुख जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती दिली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण १७ सप्टेंबरला पाळतो, आणि जे लोक त्या राजवटीतून सुटले त्यांच्या आनंदाविषयी शंका घेण्याचे काही कारण नाही.

पण या ग्रंथाचा विषय १८ सप्टेंबरपासून सुरू होतो, आणि त्याची पहिली पाने वाचणे सोपे नाही. लष्कर आल्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाडा आणि कर्नाटकाच्या जिल्ह्यांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. गावात राहिलेला रझाकार आणि गावात राहिलेला साधा मोमीन किंवा कुळकरी यांत फरक केला गेला नाही. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या पथकाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये दौरा केला. त्यांचा अंदाज असा की, किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत. तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. अभ्यासकांना तो सहज पाहता यायला २०१३ साल उजाडले. रझाकारांनी जे केले ते आपण पाठ्यपुस्तकांत लिहिले, आणि लिहायलाच हवे होते. त्यानंतरचे लिहायला पासष्ट वर्षे लावली, याचे मला दुःख आहे. नदीच्या दोन्ही काठांवरच्या मेलेल्यांची नोंद एकाच वहीत झाली पाहिजे.

हिंसा ओसरल्यावर जे राजकीय काम झाले ते मात्र विलक्षण होते, आणि अमेरिकेशी ताडून पाहिल्यावर त्याची किंमत कळते. लष्करी गव्हर्नर म्हणून जनरल चौधरी १९४९ अखेरपर्यंत राहिले. मग वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. १९४९ मध्येच जहागिऱ्या संपवल्या गेल्या, ज्यांच्याखाली राज्याचा फार मोठा भाग होता. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना मान्य केली. २६ जानेवारी १९५० रोजी तेच निजाम हैदराबादचे राजप्रमुख झाले. ५० लाखांचा तनखा ठरला. त्यांच्यावर खटला झाला नाही. डेव्हिसप्रमाणे कैदही झाली नाही. रझवी मात्र १९५७ पर्यंत तुरुंगात राहिला आणि मग पाकिस्तानात गेला. या सौम्यपणावर त्या काळी खूप नाराजी होती आणि ज्यांची घरे जळली त्यांना ती वाटणे साहजिक होते. माझा कौल सरदार पटेल आणि त्यांच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांच्या बाजूने आहे. राजाला मान देऊन त्याच्या हातातली सत्ता काढून घेतली, आणि त्याच्या नावाने नवे बंड उभे राहण्याची शक्यता संपवली.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट मताची. अमेरिकेत काळ्या पुरुषांचे मत ही परत येण्याची अट होती, म्हणून लष्कर गेल्यावर ती मोडता आली. हैदराबादच्या माणसाला मत मिळाले ते अट म्हणून नव्हे, तर राज्यघटनेने प्रत्येक प्रौढ भारतीयाला दिले म्हणून. पुरुषाला, बाईला, दलिताला, मुसलमानाला, कुळाला. लष्कर शिरल्यानंतर साडेतीन वर्षांच्या आत, १९५२ च्या सुरुवातीला, तिथे निवडणूक झाली. बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. ऑक्टोबर १९५१ पर्यंत हातात बंदूक असलेल्या तेलंगणातल्या कम्युनिस्टांचे उमेदवार मोठ्या संख्येने निवडून आले आणि विरोधी बाकांवर बसले. ज्यांनी निजामाशी आणि मग भारताच्या लष्कराशीही लढा दिला, त्यांना निवडणुकीत उभे राहू दिले गेले. हे करायला धैर्य लागते. पराभूत राज्याला ‘आधी सुधारा, मग मत’ असे सांगण्याचा मोह त्या सरकारला टाळता आला.

वऱ्हाडाचा प्रश्न त्या धामधुमीत आवाज न करता मिटला. राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात मध्य प्रांत व वऱ्हाड मिळून ‘मध्य प्रदेश’ हे राज्य आले, निजाम हे एका राज्याचे राजप्रमुख उरले, आणि १८५३ पासून चाललेल्या मालकीच्या वादाला अर्थच राहिला नाही.

अकोला कराराचा प्रवास मात्र पुढे चालू राहिला, आणि तो समाधानकारक नाही. उपप्रांतांची कल्पना मागे पडली. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, रा. कृ. पाटील आदींच्या त्यावर सह्या आहेत. त्यात विधिमंडळाचे स्वतंत्र सभागृह उरले नव्हते. वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्या, अशा हमी होत्या. दोन वर्षांनी राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने उलट शिफारस केली: आठ जिल्ह्यांचा विदर्भ वेगळे राज्य व्हावा. बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी त्याच मताचे होते. अकोल्याच्या करारावर सही करणारे बियाणीच वेगळ्या राज्याकडे का वळले, हे समजून घेताना त्यांना संधिसाधू म्हणून मोकळे होणे सोपे आहे. कराराचा मूळ मजकूर वाचला तर वेगळ्या प्रांताचा पर्याय त्यातच लिहिलेला दिसतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. पैनगंगेवरची सरहद्द संपली. अलीकडचे उमरखेड आणि पलीकडचे हदगाव एका राज्यात आले. नागपूर कराराच्या हमींपैकी निधीच्या न्याय्य वाटपाला राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये जागा मिळाली, पण त्या कलमाखाली वैधानिक विकास मंडळे स्थापन व्हायला १९९४ साल उजाडले. मधल्या काळात, १९८४ मध्ये, वि. म. दांडेकर समितीने राज्यातल्या जिल्ह्यांचा विकासाचा अनुशेष मोजून ३,१८६ कोटींहून अधिक ठरवला. त्यात विदर्भाचा वाटा मोठा होता, आणि सिंचनात अमरावती विभाग आजही मागे आहे. कापूस पिकवणाऱ्या कोरडवाहू जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या ज्या वर्षांत देशभर गाजल्या, त्या वर्षांत या अनुशेषाचे आकडे विधिमंडळात वाचले जात होते. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती त्यानंतर वाढवली गेली नाही.

मी स्वतः वेगळ्या विदर्भाचा पुरस्कर्ता नाही. मराठी माणसांचे एक राज्य व्हावे या अकोल्यातल्या पहिल्या वाक्याशी मी बांधलेला आहे. पण त्याच कागदातली दुसरी वाक्ये गाळून पहिले वाक्य उचलण्याचा हक्क मुंबईला नाही, असेही मला तितक्याच ठामपणे वाटते. १८७७ मध्ये अमेरिकेत जे झाले त्याचे रूप फार क्रूर होते आणि वऱ्हाडाची त्याच्याशी तुलना करू नये. तरी लिहिलेल्या अटी विसरण्याची पद्धत सगळीकडे एकच दिसते. आधी अंमलबजावणी लांबते. मग अट लक्षात ठेवणारे लोक किरकिरे ठरतात. मग ती अट होती याचाच विसर पडतो.

हैदराबाद आणि वऱ्हाड यांना या संग्रहात एकत्र ठेवण्याचे कारण हेच आहे. एकाला लष्कराने आणले, दुसऱ्याला करारांनी. लष्कराने आणलेल्याला पूर्ण नागरिकत्व झटपट मिळाले, पण मेलेल्यांचा हिशेब मिळाला नाही. करारांनी आलेल्याने अटी स्वतः लिहिल्या, पण त्या पाळून घेण्याची ताकद त्याच्याकडे नव्हती. यांतला कुठला मार्ग बरा, या प्रश्नाला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. दोन्ही वाटांवर काय हरवले ते तपशिलाने मांडता येते, आणि पुढच्या लेखांनी ते मांडले आहे.

वाचकाला एकच सुचवतो. सुरुवात लढाईच्या लेखांपासून करू नका. आधी १८५३ चा तह आणि ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार शेजारी शेजारी ठेवून वाचा, दोन्हींच्या शेवटी असलेल्या सह्या पाहा, आणि मग सुंदरलाल अहवालाकडे वळा. त्यानंतर नागपूर कराराचे एकेक कलम घेऊन आपल्या तालुक्यात त्यातले काय आले याची यादी करा. अकोल्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी ती केली, तर या विषयावरचा पुढचा ग्रंथ त्यांना स्वतःच लिहिता येईल. आणि नदीकाठच्या गावांतल्या ज्या म्हाताऱ्या आजी-आजोबांना १९४८ चा पावसाळा आठवतो, त्यांच्याकडे यंदाच जाऊन या.